निस्री कुणाच्या बाजूला फुलली

झगवान, २८ डिसेंबर

लल्ला बेया,

मागचं पत्र भाजलं गेलं. तुझ्या पावाच्या ताटाखाली ठेवलं होतं, आणि भट्टीवाल्या हमादीनं ताट कागदासकट आत सरकवलं. मला म्हणाला, "शादलीच्या बायको, नणंद-भावजयीचं काय जळायचं ते घरी जळू द्या, माझ्या भट्टीत नको." म्हणजे सगळ्या आळीला ठाऊक आहे. हे पत्र वरच्या कापडाच्या घडीत ठेवते आहे. कापड झटकू नकोस.

त्यात होतं ते पुन्हा लिहिते. तुझा भाऊ म्हणतो, येत्या मे महिन्यात निस्रीच्या गुलाबवेलीला फुलं आली नाहीत तर तो ती मुळासकट उपटणार. तिथं सिमेंटची टाकी बांधायची आहे. झऱ्यांच्या गावात टाकी. मी म्हटलं, "नळाला पाणी नसलं तर झऱ्यावर जाऊ. आपल्या आया जातच होत्या." तर म्हणतो, "आया गेल्या. तो गुलाबही गेलाय. तुला दिसत नाही एवढंच."

टाकीचं मला काही नाही. पण तू त्या दिवशी अंजिराखाली उभी राहून गल्लीला ऐकू जाईल अशी शपथ घेतलीस, की तुझ्या बाजूला निस्री पुन्हा फुलेपर्यंत या घराशी तोंडातून एक शब्द काढणार नाहीस. तुला वाटलं असेल, आत्ता जानेवारी आहे, मेमध्ये फुलेल, तेवढं गप्प बसणं आपल्याला जमेल. तुला तेवढंही जमेल असं मला वाटलं नव्हतं. तीन मे येऊन गेले, बेया. आता वेलच उपटला तर तू काय करणार आहेस? कयामतीच्या दिवशी मला पहिला सलाम करणार?

मशिदीतल्या शेखांना मी विचारलं. शपथ सोडवायला वाट आहे. दहा गरिबांना जेवू घालायचं, तेवढं बळ नसेल तर तीन दिवस रोजे धरायचे. तुला बळ आहे. दहा जणांचं कुसकुस मी रांधून देते, तू फक्त वाढ.

तुझं भांडण तुझ्या भावाशी. भिंतीवर चढून तुझ्या अंगणातले सगळे फाटे त्यानं कापले. मी तर तेव्हा हमामात होते. ओल्या केसांनी घरी आले तेव्हा सगळं संपलं होतं, फुलांचं आणि बोलण्याचंही. त्याचं म्हणणं तुला पाठ आहे: मूळ माझ्या अंगणात, खत माझं, पाणी माझं, आणि फुलं बहिणीकडे. ठीक आहे, त्याचं चुकलं. मग मी का शिक्षा भोगायची?

एक विचारायचं आहे. तुझी आई ही निस्री कशी सांभाळायची? मी सून. मला तिनं फुलांचा अर्क उतरवायचं तांब्याचं भांडं सोपवलं, वेल नाही. तुला आठवत असेल तर लिही. मला ऐकवायला तुझ्या मांजरीला सांगू नकोस. लिही.

दलंदा

झगवान, ९ जानेवारी

लल्ला बेया,

तुझी चिठ्ठी मिळाली. पहिल्या ओळीत लिहितेस, गुन्हा शादलीचा, तेव्हा गरिबांना त्यानं जेवू घालावं. दुसऱ्या ओळीत, मुळं तुमच्याकडे, म्हणजे रोगही तुमच्याकडेच. तिसऱ्या ओळीत, तुझ्या पावात बडीशेप जास्त होते. बस. तीन वर्षांनी तीन ओळी, त्यातली एक बडीशेपेवर.

जे कागदावर लिहिलं नाहीस ते संध्याकाळी भिंतीशी येऊन मांजरीला सांगितलंस.

"मिशमिश, माझी आई थंडीत त्या निस्रीला हात लावायची नाही. अर्क उतरवून झाला, भांडं घासून उन्हात उपडं घातलं, की मग विळा घ्यायची. मेलेलं तेवढं काढायची. लांब फाटे वाकवून चिंध्यांनी भिंतीला बांधायची. पण काही लोकांच्या हातात कात्री आली की अक्कल बाजारात जाते."

लेकी बोले सुने लागे, ते मला कळतं. पण तुझ्या मांजरीला उलट उत्तर कसं द्यायचं ते मला अजून जमलेलं नाही. आणि त्या कापलेल्या फाट्यांचा वाळका भारा तू अजून अंजिरावर तसाच ठेवला आहेस. वारा आला की खडखडतो. पुरावा म्हणून ठेवला असशील. मानानं लल्ला म्हणते तुला, पण कोर्ट कुठाय?

तुझ्या आईचं मी जेवताना तुझ्या भावाला सांगितलं. मांजरीचं नाव काढलं नाही, मला आठवलं म्हणून सांगितलं.

"आईला छाटणीतलं काय कळत होतं?" तो म्हणाला. "छाटणी बाबा करायचे."

"बाबा द्राक्षाची करायचे."

"वेल तो वेल."

"द्राक्षाला काटे असतात?"

"दाढी असली म्हणून बोकड शेख होतो का? काडीवर कोंबांचे दोन डोळे ठेवायचे, वरचं सगळं उडवायचं. काळ्या रात्रींत छाट, हिरवी प्रत्येक काठी. हे मी नाही म्हणत, सगळं झगवान म्हणतं."

सगळं झगवान म्हणतं खरं. थंडीच्या पांढऱ्या रात्री संपतील, पाच दिवसांनी काळ्या सुरू होतील, आणि डोंगराच्या पायथ्याशी जो तो कात्री घेऊन बाहेर पडेल. तुझ्या भावाला तर मोग्रानपर्यंतचे मळेवाले बोलावतात. द्राक्षाच्या छाटणीत त्याचा हात धरणारा कुणी नाही, हे मीही म्हणते. त्यानं कात्रीला धार लावली, तेल लावलं आणि पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवली आहे. घरात सुंता आहे असं वाटावं.

त्याच्या काळ्या रात्री येईपर्यंत मी बुंध्याशी बसते आहे. तुझ्या घरातून बुंधा दिसत नाही म्हणून सांगते. मनगटाएवढे खुंट झालेत, एकावर एक, दरवर्षी कापून कापून. निम्मे मेलेले. नखानं साल खरवडली की आत हिरवं दिसलं तर ठेवते, तपकिरी दिसलं तर करवतीनं बुडापासून काढते. काही आतून पोकळ, मुंग्यांनी भरलेले. बकरीच्या कातड्याचे हातमोजे घातले तरी काटे आत येतात. काढलेल्याचा ढीग माझ्या कमरेएवढा झाला. आता मधून हात जातो, वारा जातो. मुळाशी बकरीचं कुजलेलं खत घातलं आणि माती परतली. गेल्या उन्हाळ्यात आलेले फाटे मात्र लांब आणि लवचिक आहेत. मेलेल्या झाडाला असे फाटे येत नाहीत. हे मी तुझ्या भावालाही सांगितलं. तो म्हणाला, "लांब आहेत, म्हणूनच कापायचे."

दलंदा

झगवान, १९ जानेवारी

लल्ला बेया,

झालं. परवा त्यानं छाटलं.

सकाळी शिडी लावली, बिस्मिल्ला म्हटलं आणि चढला. तू पलीकडे होतीस, कात्रीचा आवाज ऐकलास, हे मला ठाऊक आहे, कारण तू मांजरीला म्हणालीस, "ऐक, न्हावी आला." तुझ्या भावानं ते ऐकलं. कात्री थांबली. मग आणखी जोरात चालू झाली. तुझी जीभ बंद असली तरी किती नुकसान करते ते तुला कळत नाही. भिंतीच्या वर एक वीतही त्यानं ठेवली नाही.

मी खाली होते. त्या दिवशी मी घरातल्या सगळ्या चादरी धुतल्या. थंडीत, ढगाळ हवेत, पाहुण्यांच्या घोंगड्यांसकट. आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर वाळत घातल्या. या भिंतीवर मी कधी काही वाळत घालत नाही, कारण धूर लागतो. का घातल्या ते विचारू नकोस.

तुझा भाऊ खाली उतरून म्हणाला, "आज काय हज करून कोणी परत येतंय?"

मी म्हटलं, "चादरींना वास येत होता."

"ओल्याच राहणार या."

"राहू देत."

चादरी आठवडाभर वाळणार नाहीत असं दिसतंय.

दलंदा

झगवान, ८ मार्च

लल्ला बेया,

म्हाताऱ्या म्हणतात तसा मातीत शेवटचा निखारा उतरला, थंडी गेली, जमीन ऊन झाली. आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही, म्हणून सांगते.

तो शिडीवर चढण्याच्या आधी मी तीन लांब फाटे खाली ओढले, स्वयंपाकघराच्या भिंतीला आडवे धरले आणि जुन्या परकराच्या चिंध्यांनी खिळ्यांना बांधले. वर चादरी. पुढं चादरी काढल्या तरी त्याचं लक्ष गेलं नाही. नागड्या काठ्या, भिंतीच्याच रंगाच्या. पण मागच्या आठवड्यात त्यांना पानं फुटली, आणि पानं काही चादरीखाली राहत नाहीत.

तो चहाचा पेला घेऊन त्या भिंतीपुढे उभा राहिला.

"हे काय आहे?"

"चिंध्या."

"चिंध्यांखाली?"

"भिंत."

त्यानं पेला खाली ठेवला आणि आत कात्री आणायला गेला. बाहेर आला तेव्हा मी भिंतीला पाठ लावून उभी होते.

"बाजूला हो, दलंदा."

"होते. काप. पण मग मेमध्ये फूल आलं नाही तर वेल मेला होता असं मी म्हणणार नाही. कुणी कापला ते सांगेन. भट्टीवर सांगेन. हमामात सांगेन, आणि तिथं मोग्रानच्या मळेवाल्यांच्या बायका येतात."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, राग आला की तुझ्या होतात तशा. मग म्हणाला, "ठेव तुझ्या तीन काठ्या. माझं वर बघ काय फुटलंय ते. मेमध्ये बोलू."

वर खरंच फुटलंय. त्याच्या प्रत्येक खुंटाला जाड, लाल टोकांचे फुटवे आलेत, हातभर वाढलेत, बघत राहावं असे. तो रोज सकाळी त्यांच्यापुढे उभा राहतो. माझ्या तीन काठ्यांना मात्र आखूड, बोटभर कोंब आलेत. डोळ्याडोळ्यातून एकेक. बघणारा म्हणेल, यात काही दम नाही. मीही दोन रात्री तेच म्हटलं.

टाकीसाठी वाळू येऊन दारात पडली आहे. तुझी मांजर त्यात जाऊन घाण करते. ती तू पाठवतेस की ती आपल्या मनानं येते ते मला माहीत नाही.

तुझ्या आईचं म्हणणं खरं ठरलं नाही तर हे शेवटचं. मग मी कुणासाठी पत्रं लिहू? ती लिहायची हौस म्हणून लिहीत नाही. भिंतीपलीकडून आधी उत्तर यायचं, त्याची सवय जात नाही.

दलंदा

झगवान, ७ मे

लल्ला बेया,

फुलली. तुला वास आला असणारच, पण तुझी शपथ नाकालाही लागू असेल तर माहीत नाही.

तीनही फाटे भरले. त्या बोटभर कोंबांच्या टोकांना झुबके आले. कळी गुलाबी, उमलली की पांढरी, पाच पाकळ्या, मधे पिवळं, आपली निस्री. स्वयंपाकघराची खिडकी दिसत नाही. काल मी कांदा चिरत होते आणि कांद्याचा वास येत नव्हता. आणि वर, तुझ्या भावाच्या त्या जाड, देखण्या फुटव्यांवर पानं आहेत. नुसती पानं. एक कळी नाही.

म्हणजे तुझी आई बरोबर होती. गेल्या वर्षीच्या काडीवर फुलं येतात. दरवर्षी काळ्या रात्रींत आपण फुलंच कापत होतो आणि मेमध्ये नजर कुणाची लागली ते शोधत होतो. तुझ्याकडे फुलायचं, कारण तुझ्याकडे त्याचा हात पोचत नव्हता.

तुझा भाऊ त्या भिंतीपुढे येऊन उभा राहिला आणि भिंतीला तळहात लावून पाहिला. म्हणाला, "चुलीची ऊब लागते या भिंतीला."

मी म्हटलं, "वर ऊन लागतं."

"उन्हाचं वेगळं."

मग संध्याकाळी, मी काही न विचारता: "पुढच्या वर्षी सगळेच चुलीच्या भिंतीला बांध." एवढंच. वाळू त्यानं हमादीच्या पुतण्याला देऊन टाकली, त्याला ओटा बांधायचा आहे.

वेल वाचला. मी काय काय केलं, ते तुला पत्रानं कळलेलं आहे. मला वाटलं, आता तरी भिंतीवरून हाक येईल. अंगणात बसून राहिले. दूध उतू गेलं. आणि तू काय म्हणालीस? तेही मांजरीला?

"माझ्या बाजूला, म्हणाले होते मी, मिशमिश. माझ्या. स्वयंपाकघर तिकडे आहे."

लल्ला बेया, मी तुझ्या आईच्या हाताखाली राहिले, तुझ्या भावाबरोबर राहिले, आणि मला वाटायचं या घराण्यातला हट्ट मी तळापर्यंत पाहिला आहे. नाही. तळ तुझ्याकडे आहे. पुढच्या वर्षी फाटे वाढतील, तेव्हा भिंतीवर चढवू, मग त्यापुढच्या मेमध्ये तुझ्याकडे फुलतील, आणि तोवर आपण दोघी पावाच्या कापडातून बडीशेपेबद्दल लिहीत बसू, असं तुझं म्हणणं आहे का? माझा गुडघा आत्ताच जिन्यावर बोलतो.

तर ऐक. उद्या दुपार कलल्यावर, असरच्या अजानीनंतर मी एका फाट्याच्या चिंध्या सोडणार आहे. सगळ्यात लांब आहे तो. काठीनं उचलून भिंतीवरून तुझ्या अंगणात टाकणार आहे, फुलांसकट. मोडला तर मोडला. फुलं गळली तर गळली. पण तुझ्या बाजूला फुललेली निस्री असेल, आणि मग शेखांना विचार, मुफ्तींना विचार, कुणालाही विचार.

भिंतीखाली उभी राहू नकोस. काटे आहेत.

दलंदा

झगवान, ९ मे

लल्ला बेया,

काल तू असरपासून दिवस बुडून मगरिबची अजान होईपर्यंत बोललीस. मधे एकदा पाणी प्यायलीस. मला "हो", "नाही" आणि "कोण गेलं?" एवढंच म्हणता आलं. तीन वर्षं तू गप्प होतीस म्हणून लिहावं लागलं, आता तू थांबत नाहीस म्हणून लिहावं लागतंय.

मला वाटलं होतं, पहिला शब्द काहीतरी बरा असेल. "हळू, गाढवे, कळ्या पडतायत." हा पहिला. दुसरा, "काठी अशी धरतात का?" मग तू अंजिराखालचं स्टूल आणलंस, वर चढलीस आणि फाट्याचं टोक तुझ्या हातात घेतलंस, आणि तिथून जे सुरू झालं ते झालं. तुझा दात, तुझ्या जावयाची बदली, तुझी कोंबडी जी माझ्याकडे आली आणि मी म्हणे परत केली नाही. ती माझ्याकडे आलीच नव्हती. हेही मला काल म्हणता आलं नाही.

पण हे पत्र कोंबडीचं नाही.

फाटा भिंतीवर वाकला तेव्हा बुंध्याशी चरचरला. तुला ऐकू आलं नसेल, तू बोलत होतीस. साल अर्धी फाटली. मी शिडीवर, दोन्ही हातांत काठी, मला उतरता येईना. तुझ्या भावानं पाहिलं. तो आत गेला, माती कालवून आणली, भेगेवर थापली, माझ्याच चिंधीनं आवळून बांधली आणि खाली एक दगड टेकू दिला. मोडक्या द्राक्षाला करतो तसंच. आज सकाळपर्यंत फुलं ताठ आहेत. म्हणजे तुझ्या बाजूला जे फुललंय ते त्याच्या बांधणीवर उभं आहे.

मग तो तिथंच राहिला. शिडीचा पाय धरून. मला वाटलं माझ्यासाठी धरतोय, पण मी उतरून आमच्या अंगणातल्या स्टुलावर बसले तरी त्यानं शिडी सोडली नाही. तू माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस, माझ्या बहिणीची केलीस, हमादीच्या भट्टीचीही केलीस. त्याची नाही. तू हसलीस तेव्हा त्यानं वर पाहिलं. मी इतकी वर्षं तुझं हसणं ऐकलं नव्हतं, तर त्यानंही नव्हतं ऐकलं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

तू शपथ या घराशी न बोलण्याची घेतली होतीस. तो याच घरात राहतो. शपथ अर्धी सुटत नाही.

तो आधी बोलणार नाही. माफी तर मागणारच नाही, ते शब्द त्याच्या तोंडात बसत नाहीत, तुझ्याही बसत नाहीत. म्हणून तू त्याला हाक मार. नावानं. मग चोर म्हण, न्हावी म्हण, आईनं तुला काय शिकवलं म्हण, सगळं म्हण. फक्त माझ्याकडे बघून म्हणू नकोस.

आज दुपारी त्यानं दाढी केली. एरवी तो फक्त शुक्रवारच्या नमाजाआधी करतो, आणि आज शुक्रवार नाही.

दलंदा